घाटावरच्या दगडातली बारावी ओळ

आबा, घाटावरचा तुमचा दगड पुढच्या महिन्यात काढणार आहेत. तो फुटलेला नाही, झिजलेलाही नाही, पण घाटाचं सुशोभीकरण निघालंय आणि त्यात पांढरा संगमरवर शोभत नाही म्हणे. त्या जागी काळा ग्रॅनाइट येईल, त्याच्यावरची अक्षरं जळगावला मशीनवर कापून आणतील. ही बातमी तुम्हाला दुसऱ्या कोणाकडून कळू नये असं वाटलं, म्हणून लिहायला बसले. आपण घरात कधी अशा भाषेत बोललो नाही. तुमच्याशी मी अहिराणीतच भांडले, अहिराणीतच हट्ट केले. पण लिहायला शिकले ते शाळेत, आणि लिहिताना हात याच मराठीत चालतो. एवढं चालवून घ्या.

तुम्ही गेलात तेव्हा मी बारावीला होते. मग धुळ्याला, देवपूरच्या होस्टेलवर राहून बी. ए. झाले, इतिहास घेऊन एम. ए. केलं, आणि आता आपल्याच गावच्या हायस्कूलमध्ये शिकवते. घाटाचं काम निघालं तशी नगरपरिषदेने एक समिती नेमली आणि गावातल्या सगळ्या स्मारकांची यादी करायचं काम माझ्याकडे आलं. किती रविवार मी वही आणि टेप घेऊन फिरले! चौकातल्या हुतात्मा स्तंभाच्या पायऱ्यांवर बायका कुरडया वाळवतात. मी मापं घ्यायला गेले तर एकीने आधी माझे पाय पाहिले, चपला काढल्यात की नाही ते. पाणपोईवर देणगीदाराची पाटी आहे, नळ नाही. वाचनालयाच्या भूमिपूजनाचा दगड अजून उभा आहे, वाचनालय झालंच नाही, दगडाला कोणाची तरी म्हैस बांधलेली असते. जुन्या धर्मशाळेच्या भिंतीत पुराचं पाणी कुठवर आलं त्याची खूण आहे. या दगडांपैकी निम्मे तरी तुमच्या हातचे. तुमची वेलांटी मला लांबूनच ओळखू येते. कोनशिला करताना तुम्ही म्हणायचात ना, "पाव्हनासनं नाव मोठं, मरेलसनं बारीक." मी टेप लावून पाहिलं. खरंच, उद्घाटकांची अक्षरं मेलेल्यांच्या अक्षरांपेक्षा मोठी आहेत.

यादीत शेवटी घाटावरचा दगड लिहिला. "होडी दुर्घटनेतील मृतांचे स्मारक, नावे अकरा." एवढं लिहिलं आणि पेन थांबलं, कारण त्या दगडावर बारावं नाव होतं हे जाणणाऱ्या चार माणसांत मी एक होते.

तो दिवस मला तुमच्या खांद्यावरून आठवतो. तेव्हा तापीवर पूल नव्हता, पलीकडच्या जत्रेला होडीनेच जायचं. दुपारची वेळ आहे, तुम्ही मला खांद्यावर घेऊन होडीत पाय ठेवलाय, आणि नावाडी वल्हं आपटून ओरडतोय, "होडी भरनी! आते उतरा!" लोक हसतात. कोणी तरी म्हणतं, "काय बाबा, आज पानीले भ्याय गया का?" त्या सगळ्या होडीतून उतरलात ते एकटे तुम्ही. मी रडले, पाय झाडले, तुमचे केस ओढले. तुम्ही एवढंच म्हणालात, "त्यानी होडी शे, त्यानं ऐकनं." मग आपण काठावर उभे होतो आणि ती होडी मधल्या धारेला गेली. पुढचं मी लिहीत नाही, तुम्ही पाहिलंयत.

अकरा गेले, आणि नावाडी. तो दोघा पोरांना काठाशी सोडून तिसऱ्यासाठी परत आत गेला होता. पण गावाला कोणावर तरी राग काढायचा होता आणि मेलेला नावाडी उलट उत्तर देणार नव्हता. त्यानेच जास्त माणसं भरली, असं ठरलं. चार वर्षांनी दगड बसवायचं ठरलं तेव्हा नावांचा कागद घेऊन नाना आले, गावात ज्यांचा शब्द चालायचा ते. त्यांचा मुलगा त्या होडीत होता. कागदावर अकरा नावं होती.

आपल्या शेडमध्ये, पत्र्याखाली, तुम्ही सुताने ओळी आखताय आणि सुताचं दुसरं टोक माझ्या चिमटीत आहे. मी सहावीत होते. एकेक नाव झालं की तुम्ही फुंकर मारून भुगा उडवायचात आणि म्हणायचात, "वाच बरं." तुम्ही चौथी शिकलेले, माझ्या वाचण्यावर तुमचा स्वतःच्या वाचण्यापेक्षा जास्त विश्वास. अकरावं नाव झाल्यावर तुम्ही आणखी एक ओळ आखलीत. कागद बाजूला पडला होता. मी बारावं नाव वाचलं आणि म्हटलं, आबा, हे कागदात नाही. तुम्ही छिन्नी खाली ठेवली नाहीत. "तो बी त्यासना संगेच बुडना ना? मंग?"

त्या दगडाला घोटून चकाकी आणली ती पॉलिशवाल्या मामांनी. तुमचे जिवलग मित्र, सख्ख्या मामांपेक्षा मला जवळचे. त्यांनी ते नाव पाहिलं, त्यावरून अंगठा फिरवला आणि तेही घोटलं. मग दगड गोणपाटाने झाकून ठेवला.

दोन दिवसांनी आईने मला दळण घेऊन गिरणीवर पाठवलं. तिथे नाना होते. त्यांनी पिठाच्या पोत्यावरचं छापलेलं वाचून दाखवायला सांगितलं, मी घडाघडा वाचलं, ते म्हणाले, "शाब्बास, कारागिराची पोर शोभतेस." माझी छाती फुगली. मी म्हटलं, "आमच्या आबांनी तुमच्या कागदापेक्षा एक नाव जास्त कोरलंय."

आबा, ते मी सांगितलं होतं.

त्याच दिवशी नाना एकटेच शेडवर आले. तुम्ही वाद घातला नाहीत. नानांच्या डोळ्यांतलं पाणी पाहून तुम्ही छिन्नी उचललीत, असं आई नंतर म्हणाली. दगडात कोरलेलं पुसता येत नाही, आजूबाजूचा दगडच अक्षरांच्या तळापर्यंत उतरवावा लागतो. सगळी दुपार तुम्ही ती ओळ उतरवत बसलात. नाव गेलं आणि तिथे एक खोलगट पट्टी राहिली. जेवताना तुम्ही आईला विचारलंत, "कोनी सांगं व्हई?" मी भाकरी चावत होते. आई म्हणाली, दगड पाहणारे दोघंच तर होते. मला कोणी मोजलंच नाही. दुसऱ्या दिवसापासून तुम्ही मामांकडे चहाला जाणं बंद केलंत, आणि मरेपर्यंत गेला नाहीत. तुमच्या अंत्ययात्रेत मामा सगळ्यांच्या मागे चालत होते. खांदा द्यायला पुढे आले नाहीत. कोणी बोलावलंही नाही.

तो दगड तुम्ही उतरता बसवलात, वाचायला सोपा जावा म्हणून. त्याचं पुढे काय झालं ते तुम्हीही पाहत होता. आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या दिवशी, पितरांची घागर आपण घरी भरतो, पण ज्यांची माणसं नदीतून सापडलीच नाहीत त्या घरच्या बायका घागर घेऊन दगडापाशी येऊ लागल्या, आणि मग अकराही घरं येऊ लागली. घागरीवर डांगर, म्हणजे शाळेतल्या मराठीत खरबूज, आणि आंबे, गोड सांजोरी. पूजा झाली की दगडावर पाणी ओततात. ते अकरा नावांवरून ओघळत येतं आणि खालच्या पट्टीत साठतं. लोकांना वाटतं ती पट्टी त्यासाठीच केलीय. त्या पाण्यात बोट बुडवून पोरांच्या कपाळाला लावतात. इतकी वर्षं गाव नावाड्याच्या ओळीतलं पाणी कपाळाला लावतंय आणि कोणाला ठाऊक नाही.

नावाड्याची मुलगी, तिला सगळे अक्काच म्हणतात, नदीच्या वाळूत डांगरं पिकवते. त्या घागरींवरची डांगरं तिच्याकडूनच जातात. तिची घागर मात्र दगडापाशी येत नाही. मी यादीच्या कामाने घाटावर घिरट्या घालायचे तेव्हा ती हसायची. "मास्तरीनबाई, तू डांगर बी दगडनागत ठोकी पाहस का?" तिला मी सगळं सांगितलं, माझं गिरणीवरचं बोलणंसुद्धा. तिने हातातलं डांगर खाली ठेवलं. मग म्हणाली, "म्हंजे मना बापनं नाव तठे व्हतं?" राग नव्हता. तिला ते नवीनच होतं. अठरा वर्षं तिला वाटत होतं की कोणालाच तो आठवला नाही.

समितीत नानाही आहेत, वयाचा मान म्हणून. मी बाराव्या नावाचं काढलं तसे ते म्हणाले, "एम. ए. झालीस म्हणून घाट तुझा झाला का? लेखी काय आहे?" लेखी काहीच नव्हतं. मी पट्टीवर कागद ठेवून पेन्सिल घासून पाहिली होती. तुम्ही काम चोख केलंत, आबा. एक रेघसुद्धा उमटली नाही.

म्हणून मामांकडे जावं लागलं. ते ओट्यावर बसले होते, हात आता थरथरतो त्यांचा. मी उभ्यानेच सांगितलं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला खाली बसताही येईना. "तुना बापनी मना घरना चहा सोडी दिधा, नि तू गप बठनी?" मी म्हटलं, मामा, मी लहान होते. ते म्हणाले, "लहान व्हती. मंग मोठी बी व्हयनी ना?" मग ते उठले आणि आत निघाले, उंबऱ्यावर थांबून म्हणाले, "तुनासाठे नई, नावाडीसाठे येसू."

आले. धुतलेली टोपी घालून आले, अक्काही आली. मामा खुर्चीवर बसले नाहीत. "मी तीन दिन त्या दगडवर हात फिराया. बारा नावे व्हतात," एवढंच बोलले. सगळे नानांकडे पाहू लागले. नाना टेबलावरचा पाण्याचा ग्लास सरळ करत राहिले. मग म्हणाले, "होतं. मीच काढायला लावलं." आणि कोणी न विचारता, "नावाडी नको म्हणत होता. पोराला मीच उचलून होडीत ठेवलं." शेवटी नाना म्हणाले, नाव घाला, पण खाली, वेगळं, बारीक अक्षरात. तेव्हा अक्का उभी राहिली. "नाना, मना बाप काय येगळी होडीमा व्हता का?" नानांनी मान हलवली. बारा नावं, एकाच मापाची. तसा ठराव झाला.

मी इतिवृत्त लिहीत होते. अक्षर नेहमीपेक्षा मोठं येत होतं, आनंदाने. इतिहासाने कोणाला न्याय मिळतो असं मी वर्गात शिकवते, आणि इथे तो माझ्या डोळ्यांसमोर मिळत होता. तेवढ्यात समितीतल्या एका नव्या सदस्याने सहज विचारलं, "पण नाना, दगड बसायच्या आधीच तुम्हाला हे कळलं कसं?" नाना म्हणाले, "आता कोणी सांगितलं ते कुठे आठवतंय." ते खरंच विसरले होते की मला सांभाळून घेत होते, मला कळलं नाही. पण सगळ्यांच्या माना मामांकडे वळल्या. तुम्ही मामांचा चहा का सोडलात, याचं उत्तर गावाला आत्ता मिळालं होतं. मामांनी कोणाकडे पाहिलं नाही, माझ्याकडेही नाही. मी मान खाली घालून ठरावाची शेवटची ओळ लिहीत राहिले. ती आधीच लिहून झाली होती, मी त्याच अक्षरांवरून पेन फिरवत होते. मान वर केली तेव्हा मामा निघून गेले होते.

काल मशीनवाल्याकडे बारा नावांचा कागद गेला. आई खूश आहे, शाळेत माझं कौतुक झालं. कोणी विचारलं तर मी दगडाबद्दल बोलते, तुमच्याबद्दल बोलते, गिरणीबद्दल बोलत नाही. सहावीतल्या पोरीला गप्प बसल्याबद्दल तुम्ही कदाचित माफ केलं असतं. परवाच्या सभेत गप्प राहिलेल्या मला तुम्ही काय म्हणाला असतात ते मला माहीत आहे, म्हणून विचारत नाही.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, ते लिहायला घेतानाच ठरलं होतं, आणि त्यामुळेच ते एवढं लांबलं. तुम्हाला सांगणं सोपं आहे, आबा. मामांचं घर तीन गल्ल्या पलीकडे आहे आणि संध्याकाळी त्यांच्या ओट्यावर चार माणसं बसलेली असतात, आणि गिरणीवरचं त्यांच्यासमोरच सांगायला हवं. मला त्या चार माणसांची भीती वाटते.