चुलीपाशी सांगितलेला सिनेमा

आई, काल मी तो सिनेमा पुन्हा पाहिला, मोबाइलवर, चष्मा लावून. मामानं मला बीडच्या टॉकीजला नेऊन दाखवलेला, तोच. घरच्या बाईनं टॉकीजची पायरी चढायची नाही, असं दादांचं, माझ्या वडिलांचं, म्हणणं होतं, म्हणून तुझे सगळे सिनेमे माझ्या तोंडून झाले. वडवणीच्या घरात तू भाकरी थापायचीस आणि मी सांगायची. नुसत्या गोष्टीनं तुझं भागायचं नाही. “रडली म्हंजी कशी गं? तोंड झाकून का तशीच?” “तशीच.” “लई मोठी नटी हाय मंग. झाकून तर आमी बी रडतो.” आज मी जुन्या नट्यांवर वर्तमानपत्रात लिहिते, पण त्यांच्याकडे बघायला शिकले ते तुझ्या अशा प्रश्नांमुळे.

त्या दिवशी आम्ही सिनेमाहून परत आलो, तर तुझ्या डोळ्याखाली काळंनिळं झालं होतं. मामा म्हणाला, “ताई, सकाळच्या गाडीनं माहेरी, नांदूरघाटला चल. बास झालं आता.” गेलीस तर पोर मिळणार नाही, हे दादांनी आधीच बजावलेलं. तू चूल पेटवलीस. तवा तापल्यावर एवढंच विचारलंस, “काय होतं सिनेमात?” मी सांगत गेले. नवऱ्याचा मार खाणारी बाई, झोपलेली लेक, पहाटे बोचकं घेऊन निघणं. तुझा हात पिठात थांबला.

“मंग? गेली?”

“वेशीपर्यंत गेली. मग माघारी आली.”

“कावून?”

“लेक होती ना तिला.”

सकाळी मामा एकटाच गाडीत बसला. पुढं शेजारणींना तू तो सिनेमा कितीदा तरी सांगितलास, माझ्या शेवटासकट. त्या हसायच्या, “तू कवा गेलतीस गं टाकीजला?” तू म्हणायचीस, “माझी लेक गेलती.” आणि त्याच घरात तू शेवटपर्यंत राहिलीस.

आई, ती माघारी येत नाही. लेकीच्या अंगावर गोधडी ओढते आणि निघते. वेशीपाशी, मागं न बघता, बोचकं या कडेवरून त्या कडेवर घेते. ती नटी एवढंच करते, आणि त्या कडेवर रोज कोण असायचं ते आपल्याला कळतं. रडत नाही. तुला हे दाखवायला हवं होतं.

त्या नटीवरचा लेख मी वर्षानुवर्षं टाळला. आता तो संध्याकाळपर्यंत द्यायचा आहे, आणि त्यात खरा शेवट लिहीन. वाचकांना तो सांगायला मला काहीच जड जात नाही. तुलाही सांगावा म्हणून हे लिहायला बसले. पण तू आज पुन्हा विचारलंस, तर ती माघारी आली असंच मी सांगेन, असं वाटतं.