पिल्लू कुणाच्या हातचं खातं

बाबा, मी कुत्र्याचं पिल्लू आणलंय. तू असतास तर आधी त्याचे पंजे उचलून बघितले असतेस, मग कान, मग जबडा, आणि मगच म्हणाला असतास, "बरा हाय." तपकिरी आहे, छातीवर पांढरा ठिपका. बाजारातल्या एका भंगाराच्या दुकानामागे चार-पाच पिल्लं लोळत होती, त्यातलं हे येऊन माझ्या चपलेवर बसलं ते उठेचना. नाव अजून ठेवलेलं नाही. पहिला पावसाळा काढल्याशिवाय कुत्र्याला नाव ठेवायचं नाही, हे तुझंच. मी नुसतं पिल्लू म्हणते, आणि त्याला आता तेच आपलं नाव वाटतं.

नवरा गेल्यावर मी पुन्हा तुझ्याच घरात राहायला आले, हे तुला ठाऊक नाही. ओटा तसाच आहे, चिंच आहे, मोरीतला दगडही तोच. फक्त ओट्यावर बसलं की पूर्वी खाडी दिसायची, तिथे आता टॉवर दिसतात. संध्याकाळी वारा फिरला की तळोज्याच्या कारखान्यांकडून कुजकट वास येतो. पिल्लाला तो माझ्या आधी कळतो. खेळता खेळता थांबतं, नाक वर करतं आणि येऊन माझ्या साडीत शिरतं. मग मी खिडक्या लावून घेते.

पिल्लू वाढवणं म्हणजे या वयात काय ताप आहे, ते मला त्याला आणल्यावर कळलं. खाल्लं की लगेच उचलून चिंचेखाली न्यायचं, झोपून उठलं की पुन्हा न्यायचं, आणि तिथे काही न करता शहाण्यासारखं घरात येऊन नेमकं देवघरापुढे मुतणार. ओरडायचं नाही, असं जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलंय. त्या पेपर पसरा म्हणाल्या, तर यानं पेपर फाडून त्यावर झोप काढली. माझ्या दोन्ही चपलांचे अंगठे खाल्ले. गाईचं दूध नको, उकडलेलं अंडं द्या, भात द्या, चिकन बिनमिठाचं द्या. मी स्वतःसाठी कधी इतकं निगुतीनं रांधलं नाही. त्याच्या टोपलीत तुझी जुनी बंडी घातली आहे, तिच्यात तोंड खुपसून झोपतं. इतक्या वर्षांनी तिला तुझा वास कुठला यायला, पण मला बरं वाटतं.

डॉक्टरीणबाई आणखी एक म्हणाल्या होत्या. "मावशी, आत्तापासून दहा माणसांच्या हातून खाऊ दे त्याला. म्हणजे माणसांना घाबरणार नाही, उगाच चावणार नाही." त्यांचं चूक नाही. फ्लॅटमधल्या कुत्र्यांचं तसंच असतं. मी मान डोलावली, घरी आले, भाकरीचा तुकडा तोंडात टाकला, चावला, आणि तळहातावर काढून पिल्लापुढे धरला. तू करायचास तसा.

मला मिठागरावरची ती झोपडी आठवते. मी सात-आठ वर्षांची, तुझा डबा घेऊन बांधावरून चालत येतेय, पायांना मीठ झोंबतंय. तू भाकरी आणि सुकट घेऊन बसतोस, पहिला घास चावतोस आणि गिळत नाहीस. तो आपल्या लाल कुत्रीला देतोस. ती तुझ्या हातातून तो असा अलगद उचलते की बोट ओलंसुद्धा होत नाही. रात्री मिठाच्या राशी राखायचं काम तिचं, म्हणून तिनं परक्याच्या हातचं खायचं नाही. एकदा मी कौतुकानं तिला लाडू द्यायला गेले, तर तिनं तोंड फिरवलं आणि तू माझ्या हातावर फटका मारलास. तू मला एरवी कधी मारलं नाहीस. "तिला सवय लावू नको, बाय. उद्या कोनाच्या बी हातचा खाल नि मरल." मी लाडू चिखलात फेकून रडत घरी गेले.

ती तुझ्या हातचं खायची, आणि काकाच्या. काका शेजारच्याच मिठाच्या खणावर राबायचा. तुम्ही दोघे भाऊ एका ताटात जेवायचात, तर तिला वेगळं काय वाटणार? मग जमिनीची बोलणी निघाली. काकाला देऊन टाकायची होती, तू नाही म्हणत होतास. आणि एक दिवस सकाळी ती खाडीचं पाणी घ्यायच्या दारापाशी मरून पडलेली सापडली, तोंडाला फेस. आई म्हणाली, मीठ चोरणाऱ्यांनी घातलं असणार काहीतरी. तू म्हणालास, "असंल." बांधातच तिला पुरलंस, घरी येऊन मोरीवर बसून कितीतरी वेळ हात धूत राहिलास, आणि कामाला गेलास.

त्यानंतर तू काकाच्या घरी कधी जेवला नाहीस. भांडला नाहीस, अबोला धरला नाहीस. गणपतीला जायचास, त्याच्या पोराच्या हळदीला तर दिवसभर मांडवात राबलास. पण पान मांडलं की हात जोडायचास. "मी घरशी जेवून आयलोय." काकी रुसायची, काका हसायचा. आई घरी येऊन तुझ्यावर चिडायची की भावाशी कसला हा ताठा. मलाही तो ताठाच वाटायचा. त्या हळदीच्या दिवशी घरी चूल पेटलीच नव्हती बाबा, आम्ही सगळे तिकडेच होतो. तू कुठून जेवून आला होतास?

हे सगळं आत्ता का सांगतेय, तर गावठाणात पुन्हा सह्या चालल्या आहेत. आपली आणि आजूबाजूची घरं पाडून टॉवर होणार. दादानं बिल्डरला शब्द दिलाय, पण घर आम्हा दोघा भावंडांच्या नावावर आणि माझी सही अडली आहे. मला इथेच मरायचंय, एवढंच माझं म्हणणं. दादा समजावतो, मग चिडतो, मग पुन्हा गोड बोलतो. आणि सही न केलेल्या घरांची कुत्री मरताहेत. आधी कोपऱ्यावरच्या घरातलं गेलं, मग मागच्या आळीतल्या म्हाताऱ्याचं. भिंतीवरून कुणीतरी टाकतंय, असं सगळे म्हणतात. म्हातारा माझ्या ओट्यावर येऊन बसला होता. म्हणाला, "टाकलेला त्यानी कदी तोंडात घेतला नाय, बाय. माज्या सुनेच्या हातचा सुदीक खात नव्हता. फकस्त मी नि माजा पोऱ्या." एवढं बोलून तो उठून गेला. त्याचा पोरगा सही करा म्हणून बापाच्या मागे लागलाय, हे गावाला माहीत आहे. माझ्या मनात पाल चुकचुकली ती तेव्हा.

त्या दिवसापासून मी पिल्लाला एकच गोष्ट शिकवतेय. पुढ्यात काहीही ठेवलं तरी 'थांब' म्हटलं की बसायचं, माझ्याकडे बघायचं, आणि मी 'घे' म्हटल्यावरच तोंड लावायचं. शिकताना त्याची लाळ गळायची, शेपटी जमीन झाडायची, पुढचे पाय थरथरायचे. दोनदा झडप घातली, दोनदा मी तुकडा काढून घेतला आणि मलाच रडू आलं. मग जमलं त्याला. आता तर थांब म्हणावंही लागत नाही. खायचं दिसलं की बसतं आणि मान वळवून माझ्याकडे बघतं.

दादा रविवारी खारघरहून आला. तो पहिल्यापासून पिल्लाचा लाडका, 'हात दे' त्यानंच शिकवलंय. मला वाटलं सहीचं काढेल. नाही काढलं. पिल्लाला मांडीवर घेतलं, कान खाजवले, आणि पिशवीतून पुडी काढली. चांदीच्या कागदात मटणाचं नळीचं हाड, मसाल्यासकट. पिल्लू मांडीवरून उतरलं, वास घेतला, बसलं, आणि माझ्याकडे बघायला लागलं. दादा हाड पुढे करतोय, हे माझ्याकडे बघतंय. मी 'घे' म्हटलं नाही.

"काय गो, याला मीबी परका झालो?" दादा हसला. मग ती पुडी माझ्या हातात दिली. "घे, तुझ्या हातान दे."

बाबा, माझ्या हातचं ते खातं. मी घे म्हटलं असतं तर त्यानं खाल्लं असतं. "आत्ताच जेवलंय रे, संध्याकाळी देते," असं काहीतरी मी बोलले. दादा मोरीवर गेला आणि त्यानं साबण लावून हात धुतले, पुन्हा साबण लावला, पुन्हा धुतले. तेलकट मटणाला हात लावल्यावर कुणीही धुवेल. मीही धुतले असते. पण मी तिथे पुडी धरून उभी होते, आणि मला मोरीवर बसलेला तूच दिसत होतास.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा फोन. सहीखेरीज तो फोन करत नाही. "पिल्लू कसा हाय?"

"मजेत. चप्पल खातंय," मी म्हटलं.

"दिलास का त्याला ते?"

"दिलं की. चाटूनपुसून खाल्लं." मी खोटं का बोलले, मला सांगता येणार नाही. तो थोडा वेळ काही बोलला नाही. चहाचा घोट घेत असेल. मला घोटाचा आवाज आला नाही एवढंच. मग म्हणाला, "बरा झाला," आणि ठेवला.

पुडी फ्रीझरमध्ये आहे, ओल्या वाटाण्यांच्या पिशवीमागे. पिल्लाला इंजेक्शन द्यायला नेलं तेव्हा, खाण्यात काही घातलंय का ते कळतं का, असं मी डॉक्टरीणबाईंना सहज विचारलं, तर त्या म्हणाल्या, असं काही असलं तर तपासून घेता येतं, आणून द्या. मी बरं म्हटलं आणि नेली नाही. त्यात नुसतं मटण निघालं तर सख्ख्या भावावर असा संशय घेणारी मी कोण? आणि दुसरं काही निघालं, तर त्यानंतर मी जगायचं कसं? तू कधी कुणाला विचारलं नाहीस. आत्ता कळतं, का विचारलं नाहीस ते. पण तुझ्यावर रागही येतो. निदान मला तरी सांगायचंस.

हे कुठे पाठवायचं नाही, म्हणून शेवटचंही लिहून टाकते. येत्या रविवारी दादाकडे जेवण आहे. वहिनी वडे तळणार आहे, तो स्वतः मटण करणार आहे, सगळं विसरून ये म्हणालाय. लहानपणी माझ्या पानातली नळी फोडून मला मगज काढून द्यायचा तो. मी येते म्हटलंय. पिल्लाला शेजारी ठेवणार नाही, कुलूप लावून घरातच ठेवेन, भात घालून. आणि निघण्याआधी मीही घरी जेवून घेणार आहे.