आकडीत अडकवलेलं मशीन

किन्हवली, मंगळवार
(जेवण झाल्यावर)

ति. अनंतदादा यांस,

धर्माचा वाकून नमस्कार. (मनातून वाकून. कमरेतून सध्या वाकता येत नाही, का ते पुढे येईलच.) तुमचा गुडघा कसा आहे? वहिनींचा खोकला थांबला का? मुरबाडकडे थंडी आमच्यापेक्षा जास्त असते, तेव्हा दोघांनी जपावं. म्हैस व्यायली असेल तर काय झालं तेही कळवावं. इकडे सर्व ठीक आहे असं लिहायची पद्धत आहे, पण दादा, इकडे काहीही ठीक नाही. आज पाचवा दिवस, तरी डाळीची वाटी उचलली की निम्मी डाळ चटईवर. फोन सोडून पत्र कशाला, असं तुम्हाला वाटेल. आमच्या घरात रेंज फक्त चुलीजवळच्या खिडकीत येते आणि तिथे तुमची बहीण बसलेली असते. तिच्यासमोर बोलण्याजोगी ही गोष्ट नाही.

तुमचं झाड कापायचं मशीन मी राबासाठी आणलं, हे तुम्हाला ठाऊक आहेच. भाताचं बी पेरायच्या आधी जमीन भाजायची तर टहाळ हवा, टहाळासाठी ऐनाच्या फांद्या तोडायला हव्यात, आणि माझा उजवा खांदा दोन वर्षं झाली कोयत्याला साथ देत नाही. मशीन देताना तुम्ही मला तासभर शिकवलंत. टोपी घाल, चष्मा लाव, स्वतःला झाडाला बांधून घे, दोन्ही हातांनी धर, खांद्याच्या वर नेऊ नको, जागा बदलायच्या आधी बंद कर. वर ते चित्रांचं पुस्तकही दिलंत. मी मान हलवत होतो, पण खरं सांगतो, माझं सगळं लक्ष वहिनींच्या कोंबडीच्या रश्श्याकडे होतं. चाळीस वर्षं ऐनावर चढणाऱ्या माणसाला, ज्याच्या अंगणात एकुलता एक पेरू आहे त्यानं झाडावर कसं वागायचं ते शिकवावं, हे मला जरा जडच गेलं. (राग मानू नये. पेरू गोड आहेत.)

पुस्तक वाचलं ते सरस्वतीनं. पोथी वाचावी तसं चष्मा लावून, बोट फिरवत, दोन दिवसांत संपवलं. नंतर मला बजावलं, "दोर बांधल्याबिगर मशीन झाडावर जानार नाय." मी म्हटलं, मला दोर बांधून चढायची सवय नाही. तर म्हणते, "तुमाला बांधा नायतर नका बांधू. मशीनला बांधा. ते दादाचं हाय." म्हणून मशीनला नवाकोरा नायलॉनचा दोर मिळाला, वरच्या जाड फांदीला पक्का बांधलेला. मी तसाच.

शुक्रवारी सकाळी मी बांधावरच्या ऐनावर चढलो. मशीन सारखं बंद पडत होतं म्हणून आदल्या दिवशी मी त्याचा एक स्क्रू पिळून ठेवला होता. (कोणता, ते विचारू नका, मलाही सांगता येणार नाही.) त्यामुळे ते बंद पडायचं थांबलं, पण बोट काढलं तरी साखळी हळूहळू फिरतच राहायची. मला ती उलट सोय वाटली. पहिली फांदी तर मी अजून नीट बसतोय तोवर खाली गेलीसुद्धा. आता आमची आकडी तुम्ही पाहिलेली आहे. कमरेला मागच्या बाजूस दोरीनं बांधलेला लाकडाचा आकडा, त्यात कोयता अडकवायचा आणि दोन्ही हातांनी पुढच्या फांदीवर सरकायचं. फांदी पडली, कोयता आकडीत. फांदी पडली, कोयता आकडीत. चाळीस वर्षांत हे माझ्या हातानं कधी डोक्याला विचारून केलेलं नाही. शुक्रवारीही विचारलं नाही. फांदी पडली आणि मी ते चालू मशीन मागे नेऊन आकडीत अडकवलं.

वरचं वाक्य मी आत्ता तीनदा वाचलं. लिहिणारा मीच, तरी माझाच विश्वास बसत नाही.

साखळीनं आधी आकडीची दोरी तोडली, मग आकडीचं लाकूड, मग माझी हाफचड्डी, आणि मग मला जरासं. सात टाके पडले. (टाके कुठे पडले हे वहिनींना सांगू नये.) त्या क्षणी मात्र मला वाटलं, माझे दोन तुकडे झाले. मी खोडाला मिठी मारली आणि एका हातानं कमरेखाली चाचपून पाहिलं. पाय दोन्ही होते. चड्डीबद्दल तेवढं खात्रीनं सांगता येत नव्हतं. जीव वाचला म्हणून खाली पाहिलं, आणि दादा, खरी पाचावर धारण बसली ती तेव्हा.

तुमच्या बहिणीचीही एक सवय आहे. फांदी पडली की दुसरी पडायच्या आत ती ओढून बाजूला करायची. कोयत्यानं तोडताना ते बरोबर, कारण दुसरी फांदी तुटायला चांगला वेळ जातो. काम चालू असताना झाडाखाली कोणी यायचं नाही, हे पुस्तकात आहे, माणसावर लाल फुली मारलेलं चित्रही आहे, आणि ते मला तिनंच दाखवलं होतं. पण तिच्या पायांनीही तिच्या डोक्याला विचारलं नाही. मी पाहिलं तेव्हा ती बरोबर माझ्याखाली टहाळाला वाकलेली आणि तुमचं मशीन घरघरत तिच्या डोक्याकडे निघालेलं.

दोर ताणला. मशीन तिच्या डोक्याच्या हातभर वर थांबलं. (हात माझा धरावा, तुमचा लांब आहे.) मी वरून शांतपणे योग्य त्या सूचना दिल्या. ती मागे सरली, मशीनचे झोके थांबेपर्यंत उभी राहिली, मग मागची मूठ धरून बटण दाबलं आणि ते बंद केलं. बटण कुठे आहे हे मला त्या वेळी आठवतही नव्हतं. त्यानंतर माझे पाय काही केल्या हलेनात. शेवटी शेजारचा बुधू शिडी घेऊन आला आणि चाळीस वर्षं ऐनावर चढणाऱ्या माणसाला धरून धरून उतरवलं. बुधूनं ही बातमी सापगावापर्यंत पोचवली आहे. त्याचंही मला काही नाही.

मी हादरलोय ते वेगळ्याच गोष्टीनं. सरस्वती बोलली नाही. एक शब्द नाही! भाजीत वरून मीठ घेतलं तर जिचं अर्धा तास चालतं, चप्पल उलटी पडली तर जी माझ्या आजोबांपर्यंत जाते, तिनं शुक्रवारी बटण दाबलं, टहाळाचा भारा बांधला, डोक्यावर घेतला आणि घरी गेली. पाच दिवस जेवण वेळेवर वाढते. जखमेला मलम लावते, तेही हलक्या हातानं. मी म्हटलं, अगं, बोल काहीतरी, तर पाण्याचा तांब्या पुढे केला. लग्नाला बत्तीस वर्षं झाली, तिच्या शिव्यांना मी कंटाळलो होतो, हे कबूल. पण ही शांतता मला सोसवत नाही. मला भीती वाटते दादा, तिचं मन माझ्यावरून उठलं.

असो. थोरांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, म्हशीला एक थाप.

तुमचा,
धर्मा

ता. क. या पत्रासोबत मशीनही गावातल्या हरेशच्या टेम्पोतून पाठवतोय. तो स्क्रू जाणकाराकडून सरळ करून घेतल्याशिवाय चालू करू नये. पेरूवर तर मुळीच चढू नये.

आणखी ता. क. वरचं सगळं नाही वाचलं तरी चालेल. रविवारी या. मशीनवर तुम्ही काही बोलू नका. फक्त तिला समोर बसवून सांगा, की ह्या माणसाला चांगल्या खणखणीत शिव्या घाल. तुमचं ती ऐकते.

दादा, हरेशनं पाकीट चिकटवायला माझ्याकडंच दिलं, म्हनून वाचलं. सूचना बिचना काय दिल्या नाय ह्यांनी. वरून "सरू, सरू" असं वरडत होते. बत्तीस वर्सांत पयल्यांदा नावानं हाक मारली, आख्ख्या शिवारानं ऐकली. मी रागावले नाय रे. मन कशाला उठेल? बोलायला तोंड उघडलं का रडू येतं, म्हनून गप हाय. आनी मी रडले तर हे पन रडतील, मंग घरात बघायचं कोनी? तू ये रविवारी. सुरवातीच्या दोन शिव्या तू घाल. तवर माझा आवाज येईल, पुढच्या मी घालीन.

सरस्वती