शिट्टीवरची चाल

३ मार्च

ती. ताईस,
कृ. सा. न. वि. वि.

आधी मीच सांगतो, कारण आमच्या भिंगरीची आई तुला लिहिणारच आहे. काल मी कंपनीच्या तपासनिसाचं डोकं रेकॉर्डिंगच्या खोलीच्या काचेवर आपटलं. काच तडकली, त्यांच्या कपाळाला सात टाके पडले. माणूस साठीचा. मी भानावर आलो तेव्हा दोघांनी मला मागून धरलं होतं आणि माझी बाही रक्तानं भिजली होती.

झालं असं, की नव्या नाटकाच्या मुख्य गाण्याची चाल माझी आहे. पंधरा वर्षं दुसऱ्यांच्या चालींची नोटेशनं लिहिली, आता पहिल्यांदा जाहिरातीत माझं नाव लागणार. कंपनीचं मशीन नवी चाल लाखो गाण्यांशी ताडून बघतं. त्यानं ती पास केली. मग हे म्हातारबुवा म्हणाले, की एका बैठकीत अशी सलग आलेली चाल बहुतेक वेळा आधी कुणाची तरी असते, घरी जाऊन जरा आठवून बघा. चोर म्हणाले नाहीत, पण माझं डोकं फिरलं.

तुझ्या कानावरून गेल्याशिवाय आपल्या घरातली चाल बाहेर पडत नाही, म्हणून सोबत पाठवतो आहे. तापानं तुझा एकच कान शिल्लक ठेवला, पण कंपनीच्या मशीनला तो भारी आहे. पंधरा तारखेला रेकॉर्डिंग. काही सापडलं तर खुशाल माझी पिसं काढ.

माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
धाकटा


८ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

त्या म्हाताऱ्या माणसाची घरी जाऊन माफी मागितलीस का? नसशील तर हे पत्र इथंच ठेव आणि आधी जा.

गेलास असं धरून लिहिते. चाल नेहमीसारखी तपासली. शब्द काढून सावकाश गुणगुणली, मग दुप्पट लयीत. कशाशीच जुळेना. मनात म्हटलं, पोरानं नाव काढलं. शेवटी शिट्टीवर घेतली, आणि दुसऱ्या ओळीला मी ती ओळखली. ओट्याला धरून खाली बसले.

ही अप्पांची आहे. जिना चढताना ते हीच वाजवायचे. दुसऱ्या ओळीला दारात, तिसऱ्या ओळीला पट्टा हातात. आई तुला माझ्याकडे ढकलायची आणि मी तुला घेऊन पलंगाखाली शिरायचे. तू दोन वर्षांचा होतास. एकदा पट्ट्याचं बक्कल तिच्या तोंडावर बसलं, दोन दात फरशीवर पडले, आणि ते हीच शिट्टी वाजवत हात धुवायला गेले. माझा कान तापानं गेलेला नाही. ते तुला पलंगाखालून ओढत होते आणि मी सोडत नव्हते, तेव्हा गेला. तापाची गोष्ट आईनं आणि मी तुझ्यासाठी रचली.

आता हे जाणणारी मी एकटीच उरले आहे, त्यामुळे तुला कुणी पकडणार नाही. तू मुद्दाम घेतली नाहीस, हेही मला ठाऊक आहे. पण ही गाजली तर शेजारच्या खिडकीतून वाजेल, दुकानात वाजेल, जिन्यातून जाणारा कुणीही वाजवेल. मी कुठं जाऊ? मागे घे, बाळा.

तुझ्यावर राग नाही. जेवत जा.

तुझी,
ताई


११ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र वाचलं आणि पेटीवर हातोडा घातला. एकेक पट्टी उखडून भिंतीवर फेकली. भिंगरीच्या आईच्या पायाला एक लागली, ती मध्ये आली म्हणून.

तू लपवलंस कशाला, आणि आता सांगितलंस कशाला? त्या माणसानं आपलं एवढं घेतलं, मी त्याची एक चाल घेतली तर कुणाचं काय बिघडलं? रेकॉर्डिंग ठरल्याप्रमाणे होईल. तू हवं तर खिडक्या लावून घे.

लोभ ठेवायचा की नाही, तूच ठरव.

धाकटा


१५ मार्च

ती. ताईस,
कृ. सा. न. वि. वि.

आज चाल मागे घेतली. निर्मात्यानं सगळ्यांदेखत आईबहिणीवरून शिव्या दिल्या, गाणं दुसऱ्याकडे गेलं. तपासनिसांकडे जाऊन आलो. त्यांनी दार लावून घेतलं, आणि त्यांचं काही चुकलं नाही.

तुझ्यासाठी मागे घेतली असं लिहिलं असतं तर तुला बरं वाटलं असतं. पण खोटं पुरे झालं. महिनाभर मी घरात वाजवत होतो, ती चाल भिंगरीच्या तोंडी बसली. काल सकाळी बुटाची नाडी बांधता बांधता ती शिट्टी वाजवत होती. मी थांब म्हणालो, ती थांबली नाही. माझा हात वर गेला. तिनं मानही वर केली नाही. नुसतं कोपर डोक्यावर धरलं आणि दुसऱ्या हातानं नाडी ओढत राहिली. सहा वर्षांची पोर, ताई. शिट्टीसुद्धा चालूच होती. मी आजवर त्याला एखादी चापट म्हणत आलो.

शनिवारच्या गाडीनं दोघींना तुझ्याकडे पाठवतो आहे. मी बोलावलं तरी लगेच परत पाठवू नकोस. आधी भिंगरीला विचार. माझ्यादेखत विचारू नकोस.

लोभ मागायला तोंड नाही, तरी मागतो.

तुझा,
धाकटा