निळ्या शर्टाचं राहिलंच

हुबळी, १८ नोव्हेंबर २०२४

ती. अंबूआत्यास श्रीनिधीचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर मी हो हो म्हणतो आणि विसरतो, म्हणून कुत्र्याचं सगळं लिहून दे, तरच तीन आठवडे सांभाळीन, अशी तुझी अट. तेव्हा हे पत्र. अमरगोळच्या मार्केटातून धारवाडला कांदे नेणारा आपला गोपाळ पत्र, पिशवी आणि गिरमिट, तिघांनाही टेम्पोतून आणून सोडेल.

मी निघणार रविवारी, चोवीसला. माझा मित्र चेतन, त्याच्या ओळखीचे बारा सायकलवाले राजस्थान फिरणार, मागून आमची जीप, पंक्चर काढायचं काम माझं. आयटीआय दोनदा सोडलं तरी पंक्चर मला येतं, हे अप्पांना एकदा तूच सांग. माझं ते ऐकत नाहीत, बहिणीचं ऐकतील.

जनावरांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, एकदम टाकून जाऊ नका, आधी चार दिवस तालीम करा. म्हणून आजपासूनच पाठवतोय. मी मधे तोंड दाखवायचं नाही. त्याच्या लशीच्या सुयांचं कार्ड पिशवीत आहे. दोन्ही वेळेला दुधात कुस्करलेली ज्वारीची भाकरी. अंडं तुझ्या स्वयंपाकघरात चालणार नाही, ते शेजारच्या हेमावतीअक्का उकडून देतील. पेढा अजिबात नाही, धारवाडचा असला तरी.

पिशवीत माझा निळा शर्ट आहे. त्याचं बाईंनी बजावून सांगितलंय, फार महत्त्वाचं आहे, खाली लिहितो. शर्टावरून आठवलं, अळणावरला माझी गाडी चुकली तेव्हा हाच अंगात होता. फलाटावर भजी खात बसलो तर ओंडक्यांमागून हे पिल्लू आलं, रंग थेट आपल्या हुबळीच्या गाड्यावरच्या गिरमिटासारखा, चुरमुऱ्यात सगळं कालवलेला, म्हणून तर गिरमिट नाव पडलं. त्याला खाऊ घालण्यात दुसरी गाडीही चुकली. तिथल्या चहावाल्याचा मामा जंगलखात्यात होता, त्याच्यामागं एकदा अस्वल लागलं आणि तो... पण गोपाळ हॉर्न वाजवतोय. अस्वलाचं नंतर.

माझ्यावर करतेस तेवढी माया चार दिवस त्याच्यावरही कर, एवढंच मागणं.

तुझा,
श्रीनिधी


धारवाड, २० नोव्हेंबर

चि. श्रीनिधी यास आत्याचे अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र मिळालं. अळणावरची गोष्ट चौदाव्यांदा वाचली. अस्वल नवीन आहे.

गिरमिट आल्यापासून फाटकापाशी बसला आहे. दोन दिवसांत पाण्याखेरीज पोटात काही नाही. भाकरी दुधात कुस्करून दिली, तुपात दिली, शेवटी ताट घेऊन मीच फाटकापाशी बसले. त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की गृहपाठ विसरलेली पोरंसुद्धा माझ्याकडे तसं पाहत नसत. हेमावतीअक्का कुंपणावरून येता-जाता त्याला बिच्चारा म्हणतात. कानडीत म्हणतात, त्यामुळं तो आणखीच बिच्चारा दिसतो.

तुझ्या शर्टाबद्दल मात्र बोलायलाच हवं. माणसाच्या घरी असला शर्ट पाठवतात का रे? कॉलर बघून मला आधी तो काळाच वाटला. सोडा घालून दोनदा धुतला, उन्हात वाळवला, तुटलेलं बटण लावलं, कडक इस्त्री करून ठेवला आहे. त्याचं खाली लिहितो म्हणालास. खाली तुझी सही होती.

आणि जाताना तरी सगळे कपडे धुऊन ने. राजस्थानातल्या लोकांनी आपल्या घराण्याबद्दल काय समजावं?

उद्या नाही खाल्लं तर काय करायचं ते गोपाळबरोबरच कळव. माझा जीव थाऱ्यावर नाही. तुझ्यावरचा राग आहे तसाच, मायाही तशीच.

अंबूआत्या


हुबळी, २१ नोव्हेंबर

ती. आत्यास शि. सा. न. वि. वि.

तू शर्ट धुतलास.

आत्या, चूक माझी. खाली लिहायचं होतं ते हे होतं की शर्ट धुवायचा नाही. बाईंनी सांगून तो मी मुद्दाम नऊ दिवस अंगात घातला होता, इथं लॅमिंग्टन रोडवर लोक बाजूला सरकत होते. आपल्या माणसाचा वास जवळ असला की जनावराला वाटतं, माणूस गेलेला नाही, इथंच कुठंतरी आहे. तेवढ्यावर ते खातं, झोपतं.

दुसरा पाठवला असता, पण काल तुझं पत्र वाचून आयुष्यात पहिल्यांदा सगळे कपडे एकदम धुतले. चादरसुद्धा. खोलीत नुसता साबणाचा वास येतोय, मलाच करमेना.

चेतनला नाही म्हणून सांगणार आहे. तो म्हणेल, हेही सोडलंस. म्हणू दे. अळणावरला गिरमिटसाठी एक गाडी सोडली होती, ही दुसरी. शनिवारी सकाळी न्यायला येतो. तोवर त्याच्याशी बोलत राहा, माझं नाव घेऊन.

तुला उगाच त्रास दिला. रागव, पण टाकू नकोस.

श्रीनिधी


धारवाड, २२ नोव्हेंबर

चि. श्रीनिधी यास अनेक उत्तम आशीर्वाद.

शनिवारी येऊ नकोस.

तुझं पत्र तीनदा वाचलं. मग कपाट उघडलं. तुझ्या काकांना जाऊन दोन वर्षं झाली. ह्यांचं सगळं धुऊन, घड्या घालून वाटून टाकलं मी. एक मफलर तेवढा ठेवला, तो धुतलेला नाही. कुणाला सांगितलं नव्हतं. शाळेत छत्तीस वर्षं पोरांची नखं तपासलेली बाई मी, कुणाला सांगणार? तू पंक्चर काढणारा, तुला आधीच कळलं होतं. मला कपाटाचं दार लावताना रोज कळत होतं, पण त्याला नाव नव्हतं.

तू रविवारी गिरमिटला आणायचास तेव्हा हे पानातली भाकरी त्याला चोरून द्यायचे. मला दिसत नाही, असं दोघांनाही वाटे. म्हणून तो मफलर नेऊन फाटकापाशी ठेवला. गिरमिटनं बराच वेळ हुंगला. मग तोंडात धरून थेट आत आला, स्वयंपाकघराच्या दाराशी, ह्यांच्या पाटाच्या जागेवर पसरून त्यावर बसला आणि भाकरीकडं बघायला लागला. दीड खाल्ली. मीही तिथंच पान मांडून जेवले, बऱ्याच दिवसांनी पोटभर.

तेव्हा तू जा. अप्पांना मी सांगते, पंक्चर येतं म्हणून.

गिरमिटचा आणि माझा तुझ्यावर लोभ आहे. तो न वाढवलास तरी चालेल, परत येऊन घेऊन जा म्हणजे झालं.

अंबूआत्या

ता. क. मफलर मला परत हवा आहे, आणि गिरमिट तो फुकट सोडायचा नाही. हे पत्र मिळाल्यापासून रविवारपर्यंत शर्ट एकावर एक दोन घाल, लोक सरकले तर सरकू देत. निघताना दोन्ही गोपाळजवळ दे. आतला गिरमिटला. बाहेरचा मी कपाटात ठेवते. तू आलास की मग धुवू.