जिवंत माणसाचा फोटो

बाबा, तुम्ही जिवंत असताना मी तुमच्या फोटोला हार घालू दिला. तुम्ही शाळेतल्या गुरुजींकडून पत्र लिहवून मला विचारलंत, तेव्हा मी नाही म्हणालो. त्याला आता चाळीसच्या वर वर्षं झाली. टीव्हीवर कामं करता करता मी म्हातारा झालो. तुम्ही गेलात त्या वयाच्या कितीतरी पुढं आलोय. वयानं आता तुमचा थोरला भाऊ शोभेन, आणि तरी हे लिहिताना पाठ ताठ करून बसलोय, जसा तुमच्यासमोर बसायचो.

फोटो तुम्हीच दिला होतात. मी मुंबईला निघणार म्हणून तुम्ही एसटीनं चिखलीला गेलात, गुरुजींचा काळा कोट मागून घेऊन. कोटाच्या बाह्या बोटांपर्यंत आल्यात आणि चेहरा असा, की आत्ताच कुणीतरी दटावलंय. आई फोटो बघून हसली होती, "हे कोन म्हनावं, मामलेदार?" तुम्ही तो वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या पेटीत कपड्यांच्या तळाशी ठेवलात आणि म्हणालात, "तिकडं कोनी इचारलं, कोनाचा तू, त हे दाखव." नाटकाचं वेड तुम्हाला पटलेलं नव्हतं. महाराष्ट्र नवा नवा झाला होता तेव्हा आपल्या गावच्या, धाडच्या शाळेच्या गॅदरिंगमध्ये मी रडून रडून एक म्हातारा उभा केला, सगळ्यांनी टाळ्या पिटल्या, आणि दुसऱ्या दिवशी मळ्यात मेथीच्या जुड्या बांधताना तुम्ही वर न बघता म्हणालात, "असं फुकटचं रडू नोको बे. बरं नसते ते." मला राग आला होता. अख्खं गाव कौतुक करतंय आणि बापाला मेथी महत्त्वाची, असं मी आईला म्हणालो होतो.

मुंबईत दोन वर्षं मी नुसते उंबरे झिजवले. टीव्ही तेव्हा नवाच आला होता, दहा घरांत मिळून एक संच, आणि त्यावरच्या एका नाटकात मला काम मिळालं. परगावी राहणारा मुलगा बाप गेल्यावर घरी येतो, भिंतीवरच्या फोटोपुढं उभा राहतो आणि रडतो, एवढंच काम. भिंतीवर सामानातल्या कुण्या जाड्या शेटजीचा फोटो लावला होता. त्या शेटजीकडं बघून मला काही केल्या रडू येईना. डोळ्यांत औषध घातलं तर डोळे लाल झाले, चेहरा कोरडाच राहिला. चार वेळा झालं. मग दिग्दर्शक मला ऐकू जाईल अशा बेतानं दुसऱ्याला म्हणाला, "जेवणानंतर याच्या जागी दुसरा कोणी बघा." परत धाडला जायचं, एसटीतून उतरायचं आणि बाजारातून मान खाली घालून घरी जायचं, एवढं सगळं मला त्या एका क्षणात दिसलं. तुमचा फोटो माझ्या पिशवीत असायचा. मी तो काढून दिला.

सामान मांडणारे एक वयस्कर गृहस्थ होते. त्यांनी फोटो हातात घेतला आणि विचारलं, "कोण हे?" मी म्हणालो, वडील. ते म्हणाले, "आहेत की गेले ते आधी सांगा. जिवंत माणसाच्या फोटोला मी हार घालत नाही." बाबा, तुम्ही त्या वेळी बहुधा वांग्यांना पाणी देत असाल. मी म्हणालो, "गेले." त्यांनी माझ्याकडं जरा जास्तच वेळ पाहिलं. मग फोटो पुसला, त्याला नमस्कार केला आणि झेंडूचा ओला हार घातला. मी समोर उभा राहिलो आणि काय झालं कोण जाणे, छातीतून काहीतरी उसळून वर आलं. मी गुडघ्यांवर बसलो. नाटकातली वाक्यं विसरलो आणि "बाबा, बाबा" एवढंच म्हणत राहिलो. शॉट संपला. दिग्दर्शकानं येऊन माझ्या खांद्यावर हात ठेवला. माझं पुढचं सगळं आयुष्य, सगळी कामं, सगळे सत्कार त्या पाच मिनिटांवर उभे आहेत.

नाटक दाखवलं गेलं तेव्हा काका मुंबईतच होते. तुमचे चुलतभाऊ, आपल्या बांधाला बांध लावून मळा असलेले, अर्ध्या विहिरीचे मालक. मेहुण्याकडं आठ दिवस राहायला गेले होते. टीव्ही म्हणजे काय ते त्यांना ठाऊक नव्हतं अशातला भाग नाही. नाटक आहे हे त्यांना पक्कं कळत होतं. पण त्या नाटकात त्यांना भिंतीवर तुम्ही दिसलात, कोटातले, गळ्यात हार घातलेले, आणि पुढं मी रडताना दिसलो. त्यांनी सरळ माणसासारखा विचार केला. आपल्याला घर सोडून आठ दिवस झाले, तेवढ्यात भाऊ गेला. त्यांनी अंघोळ केली, डोकं भादरून घेतलं, लोणारला मावशीला मरणाची खबर देणारं, कोपरा फाडलेलं कार्ड टाकलं आणि मिळेल त्या गाडीनं निघाले.

पुढचं मला आईनं सांगितलं. बाजाराचा दिवस होता. तुम्ही पोत्यावर बसून वांगी तोलत होतात. काका समोर येऊन उभे राहिले, उघडं बोडकं डोकं, डोळे सुजलेले. तुम्हीच विचारलंत, "काऊन रे, कोन गेलं?"

काका मटकन खालीच बसले. "भाऊ," ते म्हणाले, "तू हायेस?"

मग रडत रडत त्यांनी सगळं सांगितलं. तुम्ही म्हणालात, "नाटक असन बे ते." त्यावर काका म्हणाले, "नाटक हाय हे मलेबी समजते ना भाऊ. पन जित्या बापाच्या फोटोले हार कोन घालते?" बाजार गोळा झाला. कुणी म्हणालं, आयुष्य वाढलं तुमचं, कुणी साखर आणून हातावर ठेवली. तुम्ही ती खाल्ली नाहीत, असं आई म्हणाली. तिसऱ्या दिवशी मावशी लोणारहून हंबरडा फोडतच आली आणि दारातच तिनं आईला असं कवटाळलं, की आईच्या हातातल्या दोन बांगड्या फुटल्या. तिनं केरसुणीनं काचा गोळा केल्या. असलं कार्ड वाचलं की फाडून टाकायचं असतं, घरात ठेवत नाहीत, पण मावशीनं ते मुठीत धरून आणलं होतं. तुम्ही ते तिच्या हातातून घेतलंत आणि आढ्याला खोचून ठेवलंत. आई ओरडली, तर म्हणालात, "राहू दे. दुसरं लिहाचं काम पडनार नाही."

मग तुमचं पत्र आलं. अक्षर गुरुजींचं, बोलणं तुमचं. "तुहा काका म्हन्ते, तुह्या नाटकात माह्या फोटोले हार व्हता. मले त पटत नाही. खरं काय ते लिही." मी त्याच दिवशी उत्तर टाकलं. तो फोटो तुमचा नव्हता, तसाच दिसणारा दुसरा कुणी होता, काकांची पाहण्यात चूक झाली असेल. चूक झाली असेल, असं मी मुद्दाम सौम्य लिहिलं होतं. पण उन्हाळ्यात विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून तुमचं आणि काकांचं वाजलेलं होतं, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. की आलं होतं? तुम्ही ते पत्र दोनदा वाचून घेतलंत आणि म्हणालात, "माहं पोरगं खोटं लिहिनार नाही. हा पान्यापायी माह्या मरनाची वाट पाहून राह्यला." त्या दिवसापासून काकांशी बोलणं बंद झालं. विहिरीवर ते आले, की तुम्ही उठून जायचात.

तुम्ही बदललात, असं आई सांगायची. जेवताना मध्येच थांबून विचारायचात, मी कसा दिसतो? ग्रामपंचायतीच्या कार्यक्रमात कुणी हार घालायला आलं तर मागं सरलात. नवं धोतर आणलं ते घडीत तसंच राहिलं. दिवाळी यायच्या आत एका सकाळी तुम्ही मेथीच्या वाफ्यात बसल्याजागी कलंडलात. डॉक्टर म्हणाले, हृदय. गाव म्हणालं, कार्ड लागलं. मी शिकलेला माणूस, असल्या गोष्टी मानत नाही. पण त्या वर्षापासून मी घरात झेंडू आणू दिलेला नाही.

काकांना खांदा देऊ द्यायचा नाही, असं तुम्ही आईला सांगून ठेवलं होतंत. काका बांधावर उभे होते. डोक्यावर केस नुकते बोटभर वाढले होते. सरणाजवळ माझ्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही; लोक म्हणाले, पोराला धक्का बसलाय. घरी लावायला फोटो हवा होता आणि सगळ्या घरात तुमचा एकच फोटो होता, तो माझ्या पिशवीत. मी तो भिंतीवर लावला. ओल्या झेंडूचा पिवळा डाग कोटाच्या दोन्ही खांद्यांवर उमटलेला होता, पुसूनही गेला नव्हता. दहाव्याला काका अंगणापर्यंत आले. दारातूनच त्यांनी फोटोकडं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं. मला वाटलं आता बोलतील. त्यांनी काढलेल्या वहाणा परत पायांत घातल्या आणि निघून गेले.

त्यांनी कधीच कुणाला काही सांगितलं नाही, बाबा. पुढं गावात टीव्ही आला तेव्हा ते सगळ्यांच्या पुढं बसून माझी कामं बघायचे आणि "आमचं पोरगं हाये ते" म्हणायचे. गावानं मात्र त्यांना ते कार्ड कधी विसरू दिलं नाही. लग्नकार्याचं आमंत्रण द्यायला ते स्वतः गेले, तर लोक थट्टेनं विचारायचे, कोपरा फाटका नाही ना? ते हसायचे. एकदा मी धाडला गेलो असताना विहिरीवर गाठ पडली. त्यांनी हळूच विचारलं, "बाबू, फोटो भाऊचाच व्हता ना?" मी म्हणालो, "काका, किती वर्षांपूर्वीची गोष्ट." ते म्हणाले, "हाव, तेबी खरं."

आता ते चिखलीला मुलाकडं असतात. नव्वदीला आलेत, दिसत नाही, कालपरवाचं आठवत नाही. गेल्या आठवड्यात त्यांच्या मुलाचा फोन आला. म्हणाला, आमच्या बाबांनी एकच धोशा लावलाय, तुमच्याशी बोलायचंय. मग काकांचा आवाज आला, पार खोल गेलेला. "म्या रागानं लिहिलं व्हतं रे ते कार्ड," ते म्हणाले. "पान्याच्या पायी. फोटोबिटो काही नव्हता. भाऊ माह्यापायी गेला. मले माफ कर." चाळीस वर्षं सगळ्यांनी जे म्हटलं, तेच शेवटी त्यांना आठवायला लागलंय. मला आठवतं ते खरं आता दुसऱ्या कुणाच्याच डोक्यात उरलेलं नाही.

हे पत्र चिखलीला जायला हवं. त्यांच्या मुलानं त्यांच्या कानाशी बसून ते मोठ्यानं वाचायला हवं, आणि तेही लवकर. तुम्हाला लिहून काय उपयोग? पण मी ते पाठवणार नाही, हे पहिली ओळ लिहितानाच मला माहीत होतं. एक गोष्ट तेवढी तुम्हाला सांगायची राहिली. त्या दिवशी फोनवर ते रडत होते, आणि मी म्हणालो, "काका, माफ केलं."