शेवटच्या घरापुढची नोंद

४ ऑगस्ट
आले एकदाची! धरणावर पातळी मोजायची नोकरी, आणि वर दोन खोल्यांचं क्वार्टर. रोज सकाळी आठला पाण्यातली पट्टी वाचायची, आकडा वहीत चढवायचा, साहेबांना फोन करायचा. बस्स. अकरा वर्षं भावाकडे काढली. मी पंखा किती वेळ लावते यावरही वहिनीचा डोळा. आता स्वतःची कडी, स्वतःचं कुलूप. आज उगाचच चार वेळा दार लावून उघडून पाहिलं.

६ ऑगस्ट
स्वयंपाकघराच्या भिंतीवर घोट्याएवढ्या उंचीला ओली रेघ उमटलीय, आखल्यासारखी सरळ. म्हातारा पहारेकरी म्हणाला, ताई, सामान बांधा, आधीचे तिघंही रेघ कमरेला आल्यावर पळाले. मी म्हटलं, मी त्या तिघांतली नाही. क्वार्टर टेकडीवर, तलाव दोनशे पायऱ्या खाली. पाणी काय जिना चढून येणार?

९ ऑगस्ट
रेघ गुडघ्याच्या वर. खडूने खुणा करून तारखा घातल्या. मोजणं माझं कामच आहे, घाबरायचं नंतर बघू.
पहारेकऱ्याला चहा पाजून बोलतं केलं. धरण भरण्याआधी खालचं गाव उठवलं, तेव्हा घर न् घर बघून वहीत 'रिकामं' लिहायचं होतं. याच क्वार्टरमध्ये राहणारा पातळी मोजणारा ऊन फार म्हणून खाली उतरलाच नाही. वरूनच हाक मारली आणि सगळ्या घरांपुढे 'रिकामं' लिहून मोकळा झाला. शेवटच्या घरात एक बाई कडी लावून बसली होती, घर सोडणार नाही म्हणून. तिने ओ दिली होती. पहारेकऱ्याने ती ऐकली, पण तो गप्प बसला.
मला त्याचा इतका राग आला की कप तसाच काढून घेतला.

११ ऑगस्ट
कपाटातून जुनी वही काढली. शेवटच्या घरापुढचं 'रिकामं' खोडून लिहिलं, 'आत बाई होती.' खाली सही ठोकली. साहेब फोनवर भडकले, सरकारी वहीत खाडाखोड करता? उद्या येऊन क्वार्टर खाली करून घेतो म्हणाले. म्हटलं, या.
बाई, तुझी ओ वहीत घातली. आता माझं घर सोड.

१२ ऑगस्ट, सकाळ
रेघ कमरेला. आता नुसती रेघ नाही — पाणी आहे, गार, खोलीभर. खिडकीबाहेर अंगण कोरडं ठणठणीत. दार उघडत होतं. जाता आलं असतं. पण पुन्हा भावाकडे? मेले तरी नाही. टेबलावर चढून बसलेय.

अकरा वाजता
आता कडी निघत नाही. आतून कुणीतरी धरलीय —

साहेबांची जीप. दारावर थाप. आत कोणी आहे का, विचारतायत. ओ दिली. पुन्हा दिली. पाणी छातीला —

पहारेकरी खिडकीतून माझ्याकडेच बघतोय. ऐकलंय त्याने. मान खाली घातली —

साहेबांनी जीपमधून क्वार्टरांची वही काढून उघडली. लिहू नका. रिकामं नाहीये. माझं घर आहे. मी आत आ—